तिसऱ्या मजल्यावरचं स्मारक

१२ जानेवारी

प्रिय ठमे,

फोनवर तू "बरं" म्हणतेस आणि ठेवून देतेस. "बरं" या शब्दावर पुढे काही बोलता येत नाही, म्हणून हे पत्र. पत्र फाडायला निदान उघडावं तरी लागतं. दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावतेस आणि स्वतःचं मात्र चार वर्षांत धड उघडलं नाहीस. दातांच्या डॉक्टरला हे शोभत नाही.

रागावू नकोस. मी मजेत आहे.

बातमी अशी, की तुझ्या आईचा सन्मान व्हायचा आहे. काल समिती आली होती. समिती म्हणजे तीच, जुन्या इमारती वाचवायला तुझ्या आईनं काढलेली, जिच्या बैठकांपायी तुला अभ्यासाला कधी टेबल मिळालं नाही. आता ठराव-सर अध्यक्ष आहेत. तुला भूगोल शिकवायचे तेच. निवृत्त झाले तरी सवय गेली नाही. पंखा लावायचा तरी आधी ठराव मांडतात. जिना चढून आल्यावर बराच वेळ त्यांना बोलता येईना. मग म्हणाले, "लिफ्टसाहेब, बाईंसाठी काहीतरी कायमचं करायचंय." जन्मभर लिफ्ट बसवल्या, म्हणून निवृत्तीनंतरही मी लिफ्टसाहेबच.

तिला जाऊन येत्या दोन मार्चला वर्ष होईल. त्या दिवशी चौकात कार्यक्रम, भाषणं वगैरे. आणि आपलं घर "स्मृतिघर" म्हणून जाहीर करायचं. म्हणजे तिची खुर्ची, तिचे नकाशे, तिची किटली, सगळं जसंच्या तसं ठेवायचं. लोक येऊन बघून जातील.

मी विचारलं, "आणि मी?"

सर म्हणाले, "तुम्हीसुद्धा जसेच्या तसे!"

आणि सगळे इतक्या प्रेमानं हसले, की मीही हसलो.

खाली लावायच्या फलकाचा मजकूर मला तपासायला दिलाय. त्यात लिहिलंय, की बाई बुलडोझरपुढे निर्भयपणे उभ्या राहिल्या. हे साफ खोटं आहे. तुझी आई कधी उभी राहिली नाही. ती घडीची खुर्ची घेऊन जायची, मशीनपुढे मांडायची आणि मटार सोलत बसायची. बाजाराच्या हॉलपुढे बसली होती तेव्हा मुकादमानं अर्धे मटार सोलून दिले होते, आणि दुपारी मशीन परत गेलं. विरोधक तिला वीटबाई म्हणायचे. तो शब्द तिला इतका आवडला, की ती फोन उचलल्यावर तेच नाव सांगायला लागली. हे फलकावर घाला म्हटलं तर सर म्हणाले, "भाषा जरा भारदस्त हवी."

तूच बघ, कमानींची अख्खी रांग, हॉल, जुना छापखाना, एवढं सगळं तिनं मटार सोलून वाचवलं. गेलं ते एक थिएटर. तिथे टॉवर झाला आणि तू आम्हा दोघांसाठी फ्लॅट घेतलास तो नेमका त्याच टॉवरमध्ये. मुद्दाम घेतलास की चुकून, हे मी कधी विचारलं नाही. आताही विचारत नाही.

खालचा घड्याळवाला दूध आणि पाव वर आणून देतो. मीच सांगितलंय त्याला. दिवसभर बसून असतो बिचारा, तेवढाच व्यायाम होतो.

तुझा,
बाबा


२९ जानेवारी

प्रिय ठमे,

तुझं पत्र नाही. हरकत नाही, माझं ऐक.

घराचं काम सुरू झालंय. समितीतली एक तरुण वास्तुविशारद आहे, गळ्यात सतत मापाची टेप, म्हणून मी तिला मापवाली म्हणतो. गुणी मुलगी आहे. तुझ्या आईनं तिला घडवली. ती येते, मोजते, आणि वस्तूंवर चिठ्ठ्या लावते. किटलीवर "हात लावू नये". नकाशांच्या कपाटावर "हात लावू नये". परवा दुपारी डोळा लागला होता, उठून बघतो तर पलंगाच्या पायाला चिठ्ठी: "दांपत्याचा पलंग, मूळ." तेव्हापासून मी कुशीसुद्धा बेतानं बदलतो.

खिडकीजवळच्या तिच्या खुर्चीला दोरी लावली. आता त्याच एका खुर्चीतून खालचा रस्ता दिसतो, हे समितीला कुठून ठाऊक असणार? मग मी दोरी ओलांडून बसतो आणि जिन्यात पावलं वाजली की उठतो. स्वतःच्या घरात चोर झालोय. भीक नको पण कुत्रा आवर, असं झालंय माझं.

बोलणार कोणाला? सगळे तिच्याबद्दल इतकं चांगलं बोलतात, बोलताना काहींचे डोळे भरून येतात. मी मान हलवतो. नवऱ्यानं मान हलवायचीच असते.

एक काम मात्र मी स्वतः अंगावर ओढवून घेतलं. न्हाणीघरात धरायला दांडा हवाय. फरशी ओली असली की कमरेचं जुनं दुखणं आठवतं, बाकी काही नाही. आता तुला नियम माहीत आहे: कमानींच्या रांगेत कोणाच्याही घरात खिळासुद्धा मारायचा तर आधी समितीला विचारायचं. नियम तुझ्या आईचा. एकदा तिनं स्वतःच कॅलेंडर लावायला अर्ज केला होता आणि समितीनं तो फेटाळला. त्या दिवशी ती इतकी खूश होती, की तिनं समितीला जेवायला बोलावलं. कॅलेंडर अजून टेबलावर आडवंच असतं.

तर मी अर्ज केला. हात दाखवून अवलक्षण. येत्या आठवड्यात समिती पाहणीला येणार आहे.

तुला आठवतं, जिन्याच्या मधल्या पोकळीत लिफ्ट बसली असती? मी सगळं आखलं होतं. तुझी आई म्हणाली, "अहो, त्यासाठी कठडा कापावा लागेल." कठडा राहिला. जन्मभर लोकांना वर-खाली नेलं आणि माझ्याच घरी लिफ्ट नाही. यावर तुम्ही दोघी पूर्वी हसायचात. एकत्र हसायचात, हे विसरू नकोस.

तुझा,
बाबा


१० फेब्रुवारी

प्रिय ठमे,

आपल्या न्हाणीघरात गेल्या आठवड्यात बैठक झाली. खरंच तिथेच. सहा माणसं आत, मी दारात. एक जण बादलीवर बसला होता.

विषय पहिला आणि शेवटचा: माझा दांडा. मापवालीनं सांगितलं, की या वेलबुट्टीच्या हिरव्या टाइल्स इमारतीइतक्याच जुन्या आहेत, आता कुठे मिळत नाहीत, भोक पाडलं तर तडा जाणार. त्यावर बरीच चर्चा झाली. एकानं सुचवलं, लिफ्टसाहेबांनी बसून अंघोळ करावी. दुसरा म्हणाला, त्याकाळी लोक बसूनच करायचे. मग कमोडची उंची वाढवायचा विषय निघाला, तेव्हा सगळे एकदम गंभीर झाले आणि तो पुढच्या बैठकीवर ढकलला. माझा कमोड ही सार्वजनिक बाब होईल, असं मला आयुष्यात वाटलं नव्हतं.

शेवटी सर्वानुमते ठरलं: दांडा लावावा, पण लाकडी, जुन्या घडणीचा, आणि भोक न पाडता चिकटवून. मापवालीनं तो स्वतः शोधून आणला, पॉलिश केला, आणि आज सकाळी कसल्याशा भारी गोंदानं चिकटवला. दिसतो सुंदर. सरांनी धरून बघितला. हळूच.

मी चाळीस वर्षं माणसं दोरावर टांगली आहेत, ठमे. कशाला किती वजन पेलतं हे माझ्या हाताला कळतं. हा दांडा टॉवेलाचा आहे, माणसाचा नाही. पण त्या पोरीचा चेहरा बघून मी म्हणालो, "वा!" काय करणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

त्यांना मी आवडतो गं. तोच तर त्रास आहे. वाईट माणसांना नाही म्हणणं सोपं असतं, तुझी आई सांगायची. चांगल्यांपुढे तिचीही पंचाईत व्हायची.

तुझा,
बाबा


१५ फेब्रुवारी

प्रिय ठमे,

घड्याळवाल्यानं तुला फोन केला असं कळलं. त्याला नको तिथे नाक खुपसायची सवय आहे. विशेष काही नाही. पाय जरासा घसरला. सगळं ठीक आहे. तू धावतपळत येऊ नकोस, तुझे पेशंट तोंड उघडून बसले असतील.

बाबा


१८ फेब्रुवारी, दवाखाना

प्रिय ठमे,

काल तुझा फोन आला आणि तू "बरं" म्हणाली नाहीस. ओरडलीस. "बाबा, तुम्ही मला काय समजता हो?" म्हणालीस. किती बरं वाटलं म्हणून सांगू! चार वर्षांत पहिल्यांदा माझी मुलगी माझ्यावर ओरडली.

आता खरं सांगतो. तुला अर्धं कळलंच आहे.

दांडा हातात आला. पूर्ण, टाइल्सना ओरखडासुद्धा न काढता. मी तो हातात धरूनच खाली बसलो, म्हणजे पडलो. उठता येईना. फरशीवर पडून हाका मारल्या, पण तिसऱ्या मजल्यावरून खाली दुकानात काय ऐकू जाणार? घड्याळवाला दूध घेऊन आला तेव्हा मी तसाच होतो, अंगावर टॉवेल ओढून. हाड मोडलेलं नाही. कंबर काळीनिळी झालीय आणि मनगट सुजलंय. डॉक्टर म्हणतात, नशीब.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. अँब्युलन्सचे दोघे मला स्ट्रेचरवरून खाली नेत होते. जिन्याच्या प्रत्येक वळणावर त्यांच्या नाकी नऊ येत होते. पुढचा वैतागून म्हणाला, "हा जिना बांधला तरी कोणी?"

मी म्हणालो, "बांधला कोणी ठाऊक नाही. वाचवला माझ्या बायकोनं."

दोघे थांबले. मागचा म्हणाला, "मग काका, आता तुम्हाला कोण वाचवणार?"

मला हसू आलं, ठमे. स्ट्रेचरवर हसलो, कंबर दुखत होती तरी हसलो. आणि मग आम्ही खाली पोचलो. दार उघडलं आणि रस्ता लागला. पावाच्या भट्टीचा वास, घड्याळवाल्याच्या दारातली ती खिळखिळी पायरी, माणसांचे आवाज शेजारून, खालून नव्हे. खिडकीतून मला रोज फक्त डोकी दिसत होती. तिथे चेहरे होते.

अँब्युलन्सवाल्यानं विचारलं, "फार दुखतंय का?"

"नाही. जरा बाजारातून घ्या."

"काका, दवाखाना उलट्या बाजूला आहे."

"माहीत आहे. हळू घ्या."

त्यानं घेतलं. भला माणूस. घड्याळवाला शेजारी बसून माझा हात धरून होता आणि मी काचेतून कमानी बघत होतो. मागे मी खाली आलो होतो तो तुझ्या आईला पोचवायला, तेही खुर्चीत बसवून चौघांनी उतरवलं म्हणून, आणि तेव्हा मला काही दिसत नव्हतं. त्याआधी कंबर मोडल्यापासून मी जिना उतरलेलोच नाही. तुला फोनवर सांगायचो ना, आज बाजारात चक्कर मारली, आज हॉलमध्ये अमका भेटला? ते सगळं खिडकीतून.

मला पडल्याचा आनंद झाला. लिहायला लाज वाटते, पण झाला.

आणि एक सांगतो, हे तुलाच सांगता येईल. मला तुझ्या आईचा राग आहे. सगळं गाव तिचे गोडवे गातंय आणि मी दोरी लावलेल्या खुर्चीत बसून मनातल्या मनात तिच्याशी भांडतोय. बाई, तू अख्ख्या गावासाठी हा रस्ता राखलास आणि नवऱ्याला त्या रस्त्यावर पाय ठेवता येईना, हे तुला दिसलं नाही? तू म्हणायचीस, "अहो, होईल काहीतरी." काही झालं नाही. मग तूच गेलीस. मेलेल्या माणसाशी भांडणही एकट्यानंच करावं लागतं.

समिती दवाखान्यात येऊन गेली. सर म्हणाले, तुम्ही बरे होऊन आलात की वर न्यायला चार माणसं ठरवू. ते मला परत वर नेणार आहेत, ठमे. प्रेमानं, खुर्चीत बसवून. आणि मग दोन मार्चला फलक लागेल आणि माझं उतरणं कायमचं बंद.

तुझा,
बाबा


२४ फेब्रुवारी, दवाखाना

प्रिय ठमे,

कुरियरनं पाकीट आलं. आत फक्त किल्ली. चिठ्ठी नाही. लिहिली असतीस तरी डॉक्टरचं अक्षर कोणाला वाचता येणार होतं?

म्हणजे तो फ्लॅट तू विकला नाहीस, भाड्यानंही दिला नाहीस. चार वर्षं नुसता कुलपात ठेवलास. इतका राग, आणि तरी ठेवलास.

किल्ली उशीखाली आहे. नर्सनं विचारलं कसली, तर म्हणालो, माझी.

आता समितीला सांगायचं कसं, हा प्रश्न आहे. इकडे आड, तिकडे विहीर. गेलो तर म्हणतील, बाई गेल्या आणि यांनी घर सोडलं. आणि तेही त्या टॉवरमध्ये! नाही गेलो तर मी प्रदर्शनातली वस्तू. घड्याळवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "काका, बोलून टाका. मनात ठेवलेलं किती दिवस चालवणार?" त्याला बोलायला काय जातंय?

दोन तारखेला मलाही दोन शब्द बोलायला सांगितलंय.

बाबा


३ मार्च

ठमे, बोललो.

मी अजून हादरलेलो आहे, अक्षर बघतेसच. पण क्रमानं सांगतो.

कार्यक्रम चौकात, कमानींच्या पुढे. दवाखान्यातून मला चाकाच्या खुर्चीत नेलं. गर्दी म्हणजे काय गर्दी! तिच्याशी जन्मभर भांडलेले व्यापारी पहिल्या रांगेत. एक जण माझ्या कानाशी म्हणाला, "वहिनींनी आम्हाला जेरीस आणलं होतं हो. आता दुकान बघायला लोक लांबून येतात." भाषणं झाली. बुलडोझर, निर्भय, वगैरे. मग सरांनी जाहीर केलं, की आता लिफ्टसाहेब बोलतील आणि त्यानंतर स्मृतिघराचा ठराव.

मी म्हणालो, "सर, तुम्हाला एक विचारू? हॉल वाचला तेव्हा त्याचं संग्रहालय करू असा ठराव कोणी मांडला होता?"

सर उभे राहिले. "मीच."

"ती काय म्हणाली होती?"

सर वर्गात उभ्या केलेल्या पोरासारखे उभे. मग हळूच म्हणाले, "बाई म्हणाल्या, इथलं कुलूप सकाळी कोण उघडणार आणि चहा कोण करणार ते आधी सांगा. ते सांगता येत नसेल तर पाडून टाका, मी मटार घेऊन येणार नाही."

लोक हसले. मी हसलो नाही. मी म्हणालो, "तिसऱ्या मजल्यावर चहा कोण करणार, सर? मला ते घर पेलत नाही. आणि किटलीला तर हातच लावायचा नाहीये."

पुन्हा हसले, पण या वेळी जरा कमी. मग मी सांगून टाकलं. म्हणालो, तुम्ही तिला जीव लावलात, मला कळतं. पण मी चार वर्षं हा चौक वरून बघतोय. मला खाली यायचंय. मुलीनं घर घेऊन ठेवलंय, लिफ्ट आहे. टॉवरमध्ये आहे. मी तिकडे जाणार. आमचं घर कोणाला तरी द्या, ज्यांचे गुडघे शाबूत आहेत आणि ज्यांच्या घरी पोरं आहेत. त्यांनी तिथे राहावं, भांडावं, किटली काळी करावी.

"टॉवर" म्हटल्यावर सगळं चिडीचूप झालं. त्या समितीत तो शब्द कोणी उच्चारत नाही. मला वाटलं, संपलं. आता तिच्या नावाला मीच बट्टा लावला.

तेवढ्यात मापवाली रडायला लागली. सगळ्यांसमोर, मोठ्यानं. "काका, तो दांडा मी चिकटवला हो. तुम्हाला काही झालं असतं तर?"

मी विचारलं, "टाइल वाचली ना?"

"वाचली."

"मग झालं तर. रडतेस कशाला? तिनं तुला शाबासकी दिली असती आणि मला ओरडली असती, नीट धरता येत नाही का म्हणून."

ती रडता रडता हसली आणि मग सगळा चौक हसला, ठमे. मीसुद्धा. कंबर मेली ठणकत होती.

आणि ठराव-सरांनी काय केलं असेल? अर्थात ठराव मांडला. आधी मात्र माझ्याजवळ येऊन खाली वाकले आणि फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाले, "लिफ्टसाहेब, आमचं चुकलं. आम्हाला त्यांना सोडवत नव्हतं." मग सरळ झाले आणि खणखणीत आवाजात: बाईंचं घर राहत्या कुटुंबाला द्यावं. जिथे माणूस राहतो तिथे धरायचा दांडा भोक पाडूनच बसवावा, अर्ज लागणार नाही. स्मृतिघर रद्द. त्याऐवजी कमानींखाली बाकं टाकावीत, कारण बाईंना जन्मभर बसायला स्वतःची खुर्ची न्यावी लागली.

हात वर. विरोध शून्य. त्या व्यापाऱ्यानं तर दोन्ही हात वर केले.

छातीवरून काहीतरी उचलून ठेवल्यासारखं वाटतंय. रात्रभर मेल्यासारखा झोपलो. नर्सनं हलवून उठवलं.

तुझा,
बाबा


२१ मार्च, सातवा मजला

प्रिय ठमे,

टॉवर कुरूप आहे. हे मी तुझ्या आईच्या वतीनं आधी सांगून ठेवतो. भिंती पातळ, शेजाऱ्याची शिंक इकडे ऐकू येते. पण लिफ्ट आहे! पहिल्या दिवशी मी उगाचच सात-आठ वेळा खाली-वर केलं. रखवालदाराला वाटलं, म्हातारा वाट चुकला. लिफ्टचा ब्रेक जरा उशिरा लागतो, तेही त्याला सांगितलंय.

न्हाणीघरात दांडा आहे, स्टीलचा, चार स्क्रूंवर. मी त्याला लोंबकळून बघितलं.

आपल्या घरात भट्टीवाल्याचा मुलगा, सून आणि त्यांच्या दोन मुली राहायला आले. तिथल्या चिठ्ठ्या मापवालीनं स्वतःच्या हातानं काढल्या. पहिल्याच दिवशी त्या कार्ट्या कठड्यावरून घसरत तिसऱ्या मजल्यावरून तळाला. सर नेमके खाली उभे होते. मला वाटलं, आता यांना चक्कर येणार. त्यांनी खिशातून वही काढली आणि म्हणाले, "कठडा वापरात आहे, असं नोंदवायला हरकत नाही."

मी रोज सकाळी काठी घेऊन बाजारात जातो. हळूहळू. कमानींखालून चालताना ऊन लागत नाही, हे मी विसरूनच गेलो होतो. हॉलमध्ये भाजीवाली मला ओळखत नाही, ती नवीन आहे; तिला वीटबाई कोण हेही माहीत नाही. तिला फक्त एवढं माहीत आहे, की छप्पर उंच आहे म्हणून भाजी दुपारपर्यंत ताजी राहते. मी तिथे उभा राहिलो आणि पहिल्यांदा मला तुझ्या आईचं काम दिसलं. घरात मला कायम बैठका दिसायच्या, कागद, लोकांचे बूट. ती हे करत होती, होय. भाजी दुपारपर्यंत ताजी राहावी म्हणून इतका आटापिटा.

परवा एका बाकावर बसलो होतो. बसल्या बसल्या लक्षात आलं, की मी तिच्याशी भांडत नाहीये. शोधून बघितलं, राग कुठे सापडेना. खाली उतरलो तेव्हाच कुठेतरी गळून गेला असावा.

तुझा राग मला माहीत आहे. ती या फ्लॅटवर यायला तयार होईना म्हणून तू माझ्यासाठी तिच्याशी भांडलीस आणि त्यापायी तिच्याशी शेवटचं बोललीही नाहीस. अंत्यविधीला आलीस आणि जिना न चढता परत गेलीस. ज्याच्यासाठी भांडलीस तो माणूस आता रोज बाजारात हिंडतो, पाव स्वतः विकत घेतो. आता कोणासाठी भांडायचं?

पण एक झालंय. राग होता तोवर मला तिची आठवण येत नव्हती. भांडणातच सगळा वेळ जायचा. आता येते. भाजी घेताना येते, लिफ्टचं बटण दाबताना येते, काल तर नुसतं कोणीतरी "अहो" म्हणालं दुसऱ्याच कोणाला, आणि मला भर रस्त्यात रडू आलं. वर्ष झालं ती जाऊन, ठमे, आणि मी आत्ता कुठे रडायला लागलोय. रडून बरं वाटतं. पण हे एकट्यानं करायचं काम नाही, आणि तिला माझ्याइतकं ओळखणारं दुसरं तुझ्याशिवाय कोणी नाही.

ये.

खाली आलेला,
तुझा बाबा